जमिनीखालील सांधे

कोणत्याहि मोठ्या कामाची वाखाणणी करावयाची झाली म्हणजे आपण त्याची लांबी, रुंदी व उंची सांगतों. पूल किती लांब, बोगदा किती खोल, मनोरा किती मजल्यांचा, एवढें सांगून झालें कीं वर्णन पुरें झालें असें आपणांस वाटतें. त्या कामाचे तुकडे एकमेकांस कोठें व कसे जोडले आहेत याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. हार गळ्यांत घालतांना फुलांकडे पाहावें, दोऱ्याच्या गांठीकडे पाहूं नये, अशीच जगाची रीत आहे. आणि गांठ सुटून हार पायांशीं पडेपर्यंत त्या रीतींत कांहीं उणें आहे असें कोणास वाटतहि नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही अशाच एका उपेक्षित गांठीविषयीं चार शब्द लिहिणार आहों. ती गांठ आमच्या जोगेश्वरीच्या रस्त्यांखालीं आहे. वाचकांपैकीं बहुतेकांनीं ती कधीं पाहिलेली नसेल, तथापि त्यांचें रोजचें बरेंचसें काम तिच्यावर अवलंबून आहे.

जोगेश्वरींत राहणाऱ्यांस खणलेला रस्ता नवा नाहीं. दसरा-दिवाळीच्या सुमारास चर खणावयास आरंभ होतो आणि मे महिन्याच्या अखेरीस, पावसाच्या धास्तीनें, ते घाईघाईनें बुजविले जातात. पाण्याचा नळ, विजेची तार, गॅसची नळी, सांडपाण्याची वाट आणि अलीकडे इंटरनेटची केबल, अशा नाना निमित्तांनीं एकाच रस्त्याचें पोट पुनःपुन्हां फाडलें जातें. आम्ही पूर्वेच्या बाजूस राहतों व शिकविण्याचें काम करतों. चर चुकवीत आणि फळीवरून तोल सांवरीत शाळेस जाणें हा आमच्या नित्यक्रमाचाच एक भाग आहे. अशा वेळीं कपाळास आठ्या पडाव्या हें साहजिक आहे. परंतु उघड्या चराच्या कांठीं क्षणभर उभें राहून खालीं डोकावलें, तर तेथें पाहण्यासारखें व शिकण्यासारखें पुष्कळ असतें.

ज्या देवीच्या नांवानें आमचें हें उपनगर ओळखलें जातें तिचें लेणेंहि पूर्वेसच आहे. इसवी सनाच्या सहाव्या शतकांत कोरलेलें हें विस्तीर्ण शैव लेणें आज चहूंकडून वस्तीनें वेढलेलें आहे. तेथील जमीन, खांब, छत आणि द्वारपाल हीं सर्व एकाच कातळांतून निघालीं आहेत. जेथें तुकडेच नाहींत, तेथें सांधा कोठून असणार? त्या कारागिरांस दगड फुटण्याची भीति होती, दगड निखळण्याची नव्हती. आजची आमची स्थिति याच्या नेमकी उलट आहे. आम्ही जें कांहीं बांधतों तें कारखान्यांतून तुकड्यातुकड्यांनीं येतें आणि जागेवर जोडलें जातें. तुकडा कारखान्यांत तपासलेला असतो. सांधा मात्र रस्त्यावर, उन्हांत, धुळींत, गाड्यांच्या कर्ण्यांच्या गजरांत, कोणा अनामिक मनुष्याच्या हातून होतो. म्हणून आजच्या कामाचें खरें मर्म सांध्यांत आहे.

आतां ज्या सांध्याविषयीं लिहावयाचें तो कशासाठीं असतो हें प्रथम सांगितलें पाहिजे. जोगेश्वरीच्या पश्चिमेस कांहीं किलोमीटरांवर वर्सोव्याचा किनारा आहे. तो कोळीवाड्यासाठीं व मासळीसाठीं प्रसिद्ध आहे; परंतु समुद्राच्या तळाशीं पसरलेल्या देशोदेशींच्या केबलींपैकीं कांहीं तेथेंच किनाऱ्यास लागतात, हें थोड्यांस ठाऊक असतें. या केबलींच्या पोटांत कांचेचे तंतु असतात आणि त्यांतून प्रकाशाच्या रूपानें निरोप धांवत असतात. अशा एका तंतूची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटराचा आठवा हिस्सा. आणि प्रकाश ज्या गाभ्यांतून जातो तो तर अवघा ९ मायक्रॉनांच्या आसपास असतो. इ. स. १९६६ मध्यें चार्ल्स काओ या शास्त्रज्ञानें आपल्या सहकाऱ्यासह असें प्रतिपादन केलें कीं, कांचेंतील अशुद्ध द्रव्यें काढून टाकिलीं आणि एक किलोमीटर गेल्यावर प्रकाशाचा निदान शंभरावा हिस्सा उरला, तरी अशा कांचेवरून दूरचें संभाषण चालवितां येईल. १९७० मध्यें अमेरिकेंतील कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं तशी कांच करून दाखविली. आजच्या उत्तम तंतूंत १५ किलोमीटर गेल्यावरहि सुमारें निम्मा प्रकाश शिल्लक असतो. काओ यांस २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या देशांत टेलिफोनच्या केंद्रांस जोडणारी कांचतंतूची पहिली वाट १९७९ सालीं पुण्यांत सुरू झाली, ही गोष्ट महाराष्ट्रीयांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

कांच जितकी निर्मळ तितकीच ती नाजूक. तंतु फार ताणला तर तुटतो, फार वांकविला तर त्यांतील प्रकाश वळणावरच बाहेर गळतो. म्हणून केबल उघड्या मातींत पुरण्याऐवजीं आधीं एक नळी पुरतात आणि मागाहून केबल त्या नळींत सोडतात. पुढें केबल बदलावयाची झाली तरी रस्ता पुन्हां खणावा लागूं नये, हाहि त्यांतील हेतु आहे. या नळीस कामगार ‘डक्ट’ म्हणतात. ही नळी दाट पॉलिएथिलिनाची असते. पुष्कळ ठिकाणीं वापरांत असलेल्या नळीचा बाहेरचा व्यास ४० मिलिमीटर व आंतील ३३ मिलिमीटर असतो. केबल सहज घसरावी यासाठीं तिच्या आंतल्या अंगास एक गुळगुळीत थर कायमचा बसविलेला असतो. मोकळ्या मार्गावर ती १६५ सेंटिमीटर खोल पुरावी अशी दूरसंचार खात्याची पद्धत ठरलेली आहे. शहरांत मात्र जमिनीखालीं आधींच इतकी दाटी असते कीं, प्रत्येक हातामागें नवी अडचण उभी राहते.

ही नळी गाडीच्या चाकासारख्या मोठ्या वेटोळ्यांच्या रूपानें येते. एका वेटोळ्यांत ५०० किंवा १००० मीटर नळी असते. जोगेश्वरीहून विक्रोळीस जाणारा जोडरस्ता सुमारें १० किलोमीटर लांब आहे. शाळेंतील हिशेबाप्रमाणें १००० मीटरांचीं दहा वेटोळीं व त्यांमध्यें नऊ सांधे झाले म्हणजे काम संपावें. प्रत्यक्षांत मात्र वाटेंत नाला येतो, चौक येतो, दुसऱ्या कोणाचा जुना नळ आडवा येतो. तेथें तेथें नळी कापावी लागते आणि सांध्यांची संख्या नवावरून कितीतरी पट वाढते. अशा प्रत्येक सांध्यावर ‘कपलर’ नांवाचा एक लहान तुकडा बसवितात. तो दोन्हीकडून उघडा असून त्याच्या आंत रबराचीं कडीं व नळीस घट्ट धरून ठेवणारे दांते असतात. एका बाजूनें एका नळीचें टोक आंत जावयाचें, दुसऱ्या बाजूनें दुसरीचें, आणि मध्यें दोन्ही टोकें एकमेकांस भिडावयाचीं, एवढाच तो व्यवहार.

हें वाचून कोणी म्हणेल, ‘मग यांत अवघड तें काय?’ अवघड कांहीं नाहीं. जें आहे तें सर्व काळजीचें आहे. नळीचें टोक काटकोनांत सरळ कापलें पाहिजे. करवतीनें भराभर कापलें तर काप तिरपा जातो व कडेस प्लॅस्टिकाचे काटे उभे राहतात. ते काटे आंतून व बाहेरून तासून काढावे लागतात; न काढल्यास आंतील काटा केबलीच्या अंगावर ओरखडा काढतो आणि बाहेरील काटा रबराचें कडें फाडतो. मग टोक पुसून कोरडें करावयाचें. कपलराची निम्मी लांबी मोजून तेवढ्यावर नळीवर खूण करावयाची, आणि ती खूण कपलराच्या तोंडाशीं येईपर्यंत नळी आंत दाबावयाची. शेवटीं दोन्ही बाजू आंवळून, हातानें ओढून पाहावयाचें. जेथें सांधा आज करावयाचा नसेल तेथें उघड्या टोकास बूच लावावयाचें, नाहीं तर एका रात्रींत चिखल व उंदीर आंत जातात. या सर्वांस जाणत्या हातास थोडींच मिनिटें लागतात. परंतु त्यांपैकीं एकहि पायरी गाळली तर ती गाळली आहे हें वरून ओळखूं येत नाहीं.

याखेरीज या नळीचे स्वतःचे असे दोन स्वभाव आहेत व ते जाणून काम करावें लागतें. एक असा कीं, अनेक महिने वेटोळ्यांत राहिलेली नळी उलगडल्यावरहि पुन्हां वेटोळें होऊं पाहते. ती चरांत सरळ पसरून, कांहीं वेळ निवांत पडूं दिली नाहीं, तर सांध्यावर तिचा पीळ राहतो. दुसरा स्वभाव उष्णतेचा. पॉलिएथिलिनाची एक मीटर नळी एका अंशाच्या उष्णतेनें सुमारें ०.१५ ते ०.२ मिलिमीटर वाढते. हा आंकडा कानास क्षुल्लक वाटतो. परंतु १००० मीटर मोकळी नळी मे महिन्याच्या दुपारीं रस्त्यावर तापली व चरांत उतरल्यावर २० अंशांनीं निवली, तर ती निदान ३ मीटर आंखडूं पाहते. तापलेल्या नळीचा सांधा तत्क्षणीं केला आणि वर माती लोटली, तर रात्रीं ती नळी निमूटपणें आंखडते व आपलें टोक कपलरांतून ओढूं लागते. म्हणून समजूतदार कामगार नळी चरांत निवूं देतो व मग जोडतो. हें ज्ञान त्याला पुस्तकांतून मिळालेलें नसतें. निसटलेले सांधे पाहून मिळालेलें असतें.

पश्चिम द्रुतगति महामार्गासारखा रस्ता ओलांडावयाचा असतो तेव्हां रीत बदलते. तो रस्ता खणून बंद ठेवणें शक्य नसतें. तेथें यंत्रानें एका कडेकडून दुसऱ्या कडेपर्यंत जमिनीखालून भोंक पाडतात व त्यांतून जाड, मोठी नळी ओढून घेतात. लहान डक्ट मग तिच्या पोटांतून जातात. या मोठ्या नळीचे तुकडे उष्णतेनें सांधतात. दोन्ही तोंडें तासून सपाट करतात, २०० अंश सेल्सिअसहून अधिक तापलेल्या तव्यावर टेकवितात, वितळूं लागलीं कीं तवा काढून तीं एकमेकांवर दाबतात, आणि निवेपर्यंत तसाच दाब ठेवतात. नीट झालेल्या सांध्याभोंवतीं वितळलेल्या प्लॅस्टिकाची एकसारखी वळी दिसते आणि तो सांधा मूळ नळीइतकाच बळकट असतो. निवण्यापूर्वीं हलविलेला सांधा वरून अखंड दिसतो, आंतून कच्चा राहतो. अशीच वळी आंतल्या अंगासहि उमटते; लहान डक्टमध्यें ती केबलीची वाट अडवील, म्हणून तेथें कपलरच बरा.

सांधा बरा झाला कीं वाईट, याची परीक्षा केबल सोडण्याच्या वेळीं होते. पूर्वीं केबल दोरीनें ओढून घेत. परंतु प्रत्येक वळणावर ताण वाढत जाऊन कांच दुखावण्याची भीति असे. आतां नळींत दाबलेली हवा सोडतात व एका टोकास बसविलेलें यंत्र केबल पुढें ढकलीत राहतें. केबलीच्या सर्व लांबीवरून वाहणारी हवा तिला आपल्याबरोबर नेते, जणूं नदीच्या प्रवाहांत पडलेली वेल. याप्रमाणें एका दमांत एक किलोमीटर किंवा त्याहूनहि अधिक केबल जाते. तत्पूर्वीं नळींतून स्पंजाचा बोळा सोडून पाणी व माती काढतात, नळीपेक्षां थोडा बारीक असा ठोकळा पाठवून ती कोठें चेपली नाहीं ना हें पाहतात, आणि दोन्ही टोकें बंद करून हवेचा दाब टिकतो कीं नाहीं तें तपासतात. वाटेंतील वीस सांध्यांपैकीं एकोणीस उत्तम असले आणि एकांतून हवा निसटली, तर केबल तेथेंच थबकते. एकोणीस सांध्यांचें चांगुलपण त्या एकापुढें कामास येत नाहीं.

याचें प्रत्यंतर आम्हांस जून २०२४ मध्यें आलें. आमच्या वस्तींतील एका गल्लीखालची केबल दुसऱ्याच कोणा कामाच्या खणण्यांत तुटली. दिवस पावसाचे होते, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलांचे अकरावीचे ऑनलाइन अर्ज भरण्याचे होते. ज्या घरीं संगणक नाहीं तेथील मुलें हे अर्ज नाक्यावरील झेरॉक्सच्या दुकानांत बसून भरतात. दुकानाची जोडणी त्याच केबलीवर होती आणि दाटीच्या चाळींत मोबाइलवर अर्जाचें पान उघडतां उघडतां बंद पडत होतें. आमच्या वर्गांतील एका मुलीची आई लोकांकडे स्वयंपाकाचीं कामें करते. मुलीस घेऊन ती पहिल्या दिवशीं दुकानांत तिष्ठत बसली. दुसऱ्या दिवशीं अंधेरीस गेली, तर तेथें रांग इतकी कीं संध्याकाळीं रिकाम्या हातीं परत यावें लागलें. दोन दिवसांचा तिचा खाडा झाला. तिसऱ्या दिवशीं मुलीचा अर्ज आम्हीं शाळेच्या संगणकावरून भरविला. परंतु ज्यांस आमच्यापाशीं येण्याचें सुचलें नाहीं अशीं किती मुलें असतील, हा विचार आम्हांस त्या रात्रीं सुखानें झोंप घेऊं देईना.

दुरुस्तीस वेळ कां लागला, हें पाहावयास आम्ही स्वतः गल्लींत गेलों. तुटलेली केबल काढून नवी सोडण्याचें काम एका टोळीकडे होतें. मुकादम मराठवाड्याकडील एक प्रौढ गृहस्थ होता. नळी पूर्वींचीच होती, म्हणून अर्ध्या दिवसांत काम होईल असा सर्वांचा अदमास. परंतु यंत्र सुरू केलें कीं केबल कांहीं अंतर जाई व अडे. दोनदां, तीनदां तेंच झालें. तेव्हां मुकादमानें केबल बाहेर ओढून तिच्यावर छापलेले मीटरांचे आंकडे वाचले. केबल २१२ मीटर आंत जाऊन थांबत होती. मग टेप घेऊन तो रस्त्यावरून मोजीत निघाला, वळणें हिशेबांत धरलीं, आणि एका पानाच्या ठेल्यापाशीं खडूनें फुली मारून म्हणाला, ‘हितं खणा.’

दोन माणसांनीं भर पावसांत तेथें खणलें. कंबरेइतक्या खोलीवर काळी नळी लागली आणि तिच्यावर कपलर. मुकादमानें चिखल हातानें पुसून तो उघडला. नळीचें एक टोक करवतीनें तिरपें कापलेलें होतें व तें कपलरांत बोटभरहि गेलेलें नव्हतें. त्या फटींतून कित्येक पावसाळ्यांचा गाळ आंत शिरून घट्ट बसला होता. जुनी केबल गाळ सांचण्यापूर्वींच आंत गेलेली असल्यामुळें इतके दिवस कोणास कांहीं कळलें नाहीं. टोळीनें तो भाग कापून काढला, नळींत हवा व स्पंज सोडून गाळ बाहेर फेकला, मध्यें नव्या नळीचा हातभर तुकडा घालून दोन्हीकडे कपलर बसविले. खड्डा उघडल्यापासून हें सर्व एका तासाच्या आंत झालें. संध्याकाळपर्यंत केबल गेली, रात्रीं तंतु जुळले, आणि सकाळीं झेरॉक्सच्या दुकानापुढें पुन्हां मुलांची रांग लागली.

तो सांधा ज्या कोणीं केला त्याच्याविषयीं आम्हीं एक-दोन कठोर शब्द काढले. मुकादम हातपाय धूत होता. तो म्हणाला, ‘गुरुजी, ज्यानं केलं त्याला घाई असंल. अन् घाई काय त्याची एकट्याची नसती. आम्हांला पैसं मीटरवर भेटत्यात. सांध्याचं वेगळं कोण देतंय?’ एवढें बोलून तो आपलें सामान टेंपोंत भरूं लागला.

आम्ही त्या बोलण्याचा पुढें पुष्कळ विचार केला आहे. मजुरी मीटरावर, मग जो दिवसांत अधिक मीटर पुरतो तो चांगला कामगार ठरतो. नळी निवण्याची वाट पाहणारा, टोक पुन्हां सरळ कापणारा, खूण करून दाबणारा मनुष्य संध्याकाळीं वीस मीटर मागें पडतो आणि त्या दिवशीं घरीं कमी पैसे नेतो. काळजी घेणाऱ्यास दंड व न घेणाऱ्यास इनाम, असा हा व्यवहार आहे. असें असतांहि त्या वाटेवरील बाकीचे सांधे शाबूत होते. कोणी पाहत नसतां, कोणी पैसे देत नसतां, ते कोणीं तरी नीट केले होते. आम्हीं एका तिरप्या कापाचा शोध घेतला. सरळ कापलेल्या सर्व टोकांचा शोध घेण्याची वेळ कोणावर येत नाहीं, आणि म्हणून त्यांच्या कर्त्यांचें नांवहि कोणी घेत नाहीं.

जें नळीचें, तेंच नळी पुरणाऱ्या संस्थांचें. एकाच रस्त्याखालीं पाणी एका खात्याचें, वीज दुसऱ्या कंपनीची, गॅस तिसरीचा, केबली अनेकांच्या, आणि वर मेट्रोचे खांब. प्रत्येक जण आपला तुकडा उत्तम करतो. दोन तुकड्यांमध्यें मात्र सांधा नसतो. ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं अंधेरी पूर्वेस सीप्झजवळ मेट्रोच्या मार्गाचें काम चाललें असतां वेरावली जलाशयाची १८०० मिलिमीटर व्यासाची मोठी जलवाहिनी फुटली. ती जमिनीखालीं खोल असल्यामुळें दुरुस्ती अवघड गेली, आणि अंधेरी-जोगेश्वरीच्या परिसरांतील असंख्य घरांस दोन दिवसांच्या आसपास पाण्यावांचून काढावे लागले. ज्यांनीं हंडे घेऊन टँकरामागें धांव घेतली त्यांस जमिनीखालच्या नकाशाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. अशा गोष्टी टाळाव्या म्हणून त्याच वर्षीं, २२ मार्च २०२३ रोजीं, केंद्र सरकारनें ‘कॉल बिफोर यू डिग’ नांवाची मोबाइलवरील सोय सुरू केली होती. खणणारानें आधीं कळवावें आणि खालीं ज्याचें कांहीं आहे त्यानें उत्तर द्यावें, असा तिचा उद्देश. हाहि एक कपलरच म्हणावयाचा. पण कपलर पिशवींत असून भागत नाहीं. दोन्ही टोकें त्यांत खुणेपर्यंत जावीं लागतात. कळविणारानें कळविलें आणि उत्तर देणारानें दिलें नाहीं, किंवा उत्तर येण्यापूर्वींच कुदळ पडली, तर तो सांधा आमच्या गल्लींतल्या सांध्यासारखाच समजावा.

आमच्या विद्यार्थिमित्रांनो, हा अंक तुमच्या हातीं पडेल तेव्हां तुमच्यापैकीं कित्येक शाळा सोडून निरनिराळ्या वाटांनीं निघण्याच्या तयारींत असतील. कोणी इंजिनियर होऊन असे चर आंखतील, कोणी एखाद्या कचेरींत बसून ठेकेदारांचीं बिलें तपासतील, कोणी स्वतः चरांत उतरतील. चरांत उतरणारास आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, टोक सरळ कापा. तुमच्या हातचा सांधा वर माती पडल्यावर कोणास दिसणार नाहीं, पण एखाद्या मुलीचा अर्ज त्यांतून जाणार आहे. जे बिलें तपासणार आहेत त्यांस मात्र आमचें सांगणें याहून अधिक आहे, कारण चरांतल्या मनुष्याची सचोटी तुमच्या लेखणीच्या टोंकावर महाग किंवा स्वस्त होत असते. मीटरांच्या रकान्याशेजारीं सांध्यांचा एक रकाना आंखा. प्रत्येक सांध्याची मजुरी वेगळी द्या, माती लोटण्यापूर्वीं हवेचा दाब धरून पाहा, आणि सांधा रस्त्याच्या कडेपासून किती अंतरावर व किती खोल आहे हें नकाशावर टिपून ठेवा, म्हणजे पुढें कोणास खडूची फुली मारीत फिरावें लागणार नाहीं. हें सर्व करण्यास फार मोठी विद्या लागते असें नाहीं. बिलावर सही करण्यापूर्वीं समोरच्या मनुष्यास इतकेंच विचारावें: लांबी समजली, सांधे किती झाले, आणि ते तपासले कोणीं?